दुसरा सिलिंडर

महिन्याच्या २० तारखेला संध्याकाळी सीएंच्या ऑफिसातून फोन आला की मी आधी हेल्मेट शोधते, मग फोन उचलते. जीएसटीचं ३बी विवरणपत्र दर महिन्याला भरणाऱ्यांची ती शेवटची तारीख. एरवी नेटबद्दल चकार शब्द न काढणारी माणसं त्या दिवशी माझी फारच आठवण काढतात.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत असाच फोन आला. पावणेसात वाजलेले, बाहेर पाऊस. ऑफिस टिळक रोडच्या आतल्या एका गल्लीत, जुन्या तीन मजली इमारतीत वरचे दोन मजले. बावीस माणसं, एक सर्व्हर, आणि साताऱ्याला चार जणांची शाखा, जी इथल्याच सर्व्हरवर काम करते. सर म्हणाले, "मॅडम, आपण दोन राउटर लावलेत ना? मग नेट कसं गेलं?" आवाज अगदी शांत. आरडाओरडा मला चालतो. शांत आवाजातला पुणेरी प्रश्न परवडत नाही.

दोन राउटर मीच लावले होते, जेमतेम तीन महिन्यांपूर्वी. बिलावर स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, "एक बंद पडला तरी काम थांबणार नाही."

पोचले तर खाली वॉचमन काका म्हणाले, "वरती सगळे ओरडतायत. इंजिनिअर येतोय का मागून?" अकरा वर्षं या धंद्यात आहे, हा प्रश्न आता मला टोचत नाही. "मागून नाही, पुढूनच आलाय," म्हटलं आणि जिना चढले.

रॅकमध्ये सगळं हिरवंगार. पहिला राउटर चालू, दुसरा चालू, सगळ्या केबल एकत्र जोडणारा डबा म्हणजे स्विच, तोही चालू. फक्त पहिल्या लाइनच्या फायबरच्या डब्यावर एक बारीक लाल दिवा लुकलुकत होता. गल्लीत कुठेतरी फायबर तुटली होती. डबा मात्र जिवंत होता, त्यामुळे डबा ते राउटर ही केबलही जिवंत, आणि म्हणून राउटरच्या मते जगात सगळं आलबेल होतं. तो बिनधास्त मास्टर म्हणून बसलेला आणि बावीस माणसांचं सगळं ट्रॅफिक एका तुटलेल्या तारेत ओतत होता. शेजारचा राउटर चांगली चालू असलेली लाइन घेऊन गप्प. त्याला कोणी बोलावलंच नव्हतं.

मी पहिल्या राउटरवरचं व्हीआरआरपी, म्हणजे एक राउटर गेला की दुसऱ्याला त्याच्या जागी बसवणारी पद्धत, हातानं बंद केलं. पुढच्या क्षणी कोपऱ्यातल्या टेबलावरून आवाज आला, "आलं!"

हे काय प्रकरण आहे ते ठाऊक नसेल तर सांगते. ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला बाहेर जायचा एकच दरवाजा माहीत असतो, तो म्हणजे गेटवे. इथे तो १९२.१६८.१०.१. राउटर मेला की तो पत्ताही मेला. शेजारी दुसरा राउटर धडधाकट असला तरी कॉम्प्युटरना त्याचा पत्ताच नाही. म्हणून मग .१ हा पत्ता कोणाच्याच नावावर करायचा नाही. एक राउटर .२, दुसरा .३, आणि .१ दोघांचा सामाईक. वाण्याच्या दुकानातल्या गल्ल्यासारखं. गिऱ्हाईक पैसे गल्ल्यावर देतं. तिथे शेठ बसलेत की शेठचा मुलगा, त्याला काय करायचंय?

गल्ल्यावर बसलेला राउटर, म्हणजे मास्टर, दर सेकंदाला "मी आहे" अशी हाळी देतो, २२४.०.०.१८ या मल्टिकास्ट, म्हणजे एकदम अनेकांना ऐकू जाणाऱ्या पत्त्यावर. दुसरा ऐकत बसतो. तीन हाळ्यांएवढा वेळ काहीच ऐकू आलं नाही की आणखी थोडा थांबून तो गल्ल्यावर जाऊन बसतो. हा "आणखी थोडा" वेळ प्रायॉरिटीवरून, म्हणजे गल्ल्यावर कोणाचा हक्क जास्त ते सांगणाऱ्या आकड्यावरून ठरतो : २५६ मधून प्रायॉरिटी वजा करायची आणि २५६ नं भागायचं. प्रायॉरिटी १०० असेल तर ०.६१ सेकंद. सगळं मिळून ३.६ सेकंद. या आयपी पत्त्याच्या जोडीला मॅक, म्हणजे केबलच्या पातळीवर यंत्र ओळखायचा पत्ताही सामाईक असतो, ००-००-५ई-००-०१ नं सुरू होणारा, शेवटची जोडी म्हणजे या राउटरांच्या गटाचा क्रमांक. त्यामुळे कॉम्प्युटरना काही कळावंच लागत नाही. कळावं लागतं ते स्विचला, की हा मॅक आता दुसऱ्या पोर्टावर राहायला गेलाय. नवा मास्टर आल्या आल्या आर्पची, म्हणजे "हा आयपी या मॅकवर आहे" अशी दवंडी पिटून ते काम उरकतो.

यामागे थोडा इतिहासही आहे. राउटर बनवणाऱ्या सिस्कोचा स्वतःचा, याच कामाचा एचएसआरपी आधीपासून होता, मग सगळ्यांसाठी व्हीआरआरपी आला. दोघांचे आरएफसी, म्हणजे इंटरनेटच्या पद्धती लिहून ठेवणारे दस्तऐवज, १९९८ सालचे, क्रमांक २२८१ आणि २३३८. पेटंटवरून एवढी धुसफूस झाली की ओपनबीएसडी ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्यांनी वैतागून कार्प नावाची वेगळी चूल मांडली. मांडली तीही व्हीआरआरपीच्याच ११२ या प्रोटोकॉल क्रमांकावर आणि मॅकची सुरुवातही तीच ठेवून. त्यामुळे एका नेटवर्कात व्हीआरआरपी आणि कार्प एकाच गट क्रमांकानं नांदवले तर दोघांचा मॅक एकच होतो आणि भांडी वाजायला लागतात. २०२४ च्या आरएफसी ९५६८ मध्ये "मास्टर"चं "ॲक्टिव्ह" केलंय. माझी जीभ जुनी, मी मास्टरच म्हणते.

तर माझी चूक अशी की ही सगळी हाळी ऑफिसच्या आतल्या बाजूला चालते. राउटर जिवंत आहे का, एवढंच ती सांगते. त्याच्या पाठीमागची लाइन जिवंत आहे का, हे ती सांगत नाही. माहीत नव्हतं असं नाही, पुस्तकात वाचलेलं होतं. लावताना मी फक्त राउटरचं बटण बंद करून पाहिलं होतं, लाइन तोडून पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला बसले. पहिला विचार जो सगळे करतात तोच : लाइन गेली की पहिल्याची प्रायॉरिटी १५० वरून ५० वर आणायची, म्हणजे १०० वाला दुसरा आपोआप वर येईल. स्क्रिप्ट लिहिली, लाइन काढली, प्रायॉरिटी ५० झाली आणि दुसरा राउटर ढिम्म. दोन रात्री घालवल्या त्यात. कारण असं की आधीच मी प्रीएम्प्ट, म्हणजे जास्त प्रायॉरिटीवाल्यानं चालू मास्टरला उठवून बसायची मुभा, बंद करून ठेवलं होतं. लाइट गेली-आली की पहिला राउटर उठून लगेच गल्ला परत मागायचा, त्याचं पीपीपीओई, म्हणजे नेट कंपनीकडचं लॉगिन, अजून लागलेलंही नसायचं, आणि पाच मिनिटांत नेट दोनदा जायचं. म्हणून बंद केलं. पण प्रीएम्प्ट बंद म्हणजे दुसऱ्याची भूमिका अशी : मास्टर हाळी देतोय ना, मग त्याची प्रायॉरिटी ५० असो की ५, मी कशाला मध्ये पडू? मीच घातलेली गाठ मलाच सुटेना.

शेवटी प्रायॉरिटीचा नादच सोडला. आता दोन्ही राउटर आपापल्या लाइनवरून दर दहा सेकंदांनी ८.८.८.८ आणि १.१.१.१ या बाहेरच्या पत्त्यांना पिंग करतात, म्हणजे "आहेस का?" विचारून उत्तराची वाट बघतात. एकच पत्ता ठेवू नये, तोच कधीतरी गप्प बसतो आणि विनाकारण धावाधाव होते. दोन्ही पत्ते लागोपाठ तीनदा गप्प राहिले की स्क्रिप्ट त्या राउटरवरचं व्हीआरआरपीच बंद करते. नियमाप्रमाणे तो जाताना शून्य प्रायॉरिटीची शेवटची हाळी देऊन जातो, मग दुसऱ्याला तीन सेकंद वाट बघावी लागत नाही, तो लगेच बसतो. लाइन परत आली आणि पाच मिनिटं टिकली तर व्हीआरआरपी पुन्हा सुरू होतं, पण प्रीएम्प्ट बंदच असल्यामुळे पहिला निमूटपणे मागे उभा राहतो. गल्ला परत द्यायचा तो मी, संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर, हातानं.

सरांनी मधेच विचारलं होतं, "ही दुसरी लाइन महिनाभर नुसती बसून खाते. निम्मी माणसं तिच्यावर टाका की." करता येतं तसं. दोन गट करायचे, एकाचा मास्टर पहिला राउटर, दुसऱ्याचा दुसरा, आणि निम्म्या कॉम्प्युटरना वेगळा गेटवे द्यायचा. मी नाही म्हटलं. बावीस माणसांच्या ऑफिसात रात्री नऊला "मॅडम, निम्म्यांचंच नेट चालतंय" हा फोन मला घ्यायचा नाहीये. शिवाय दोन्ही लाइन रोज पूर्ण भरून चालवायची सवय लागली की एक गेल्यावर उरलेलीला सगळा भार पेलत नाही.

इथवर मी खूश होते. मग पुढच्या जूनमध्ये वळवाच्या पावसात मागच्या गल्लीतल्या गुलमोहराची फांदी पडली आणि दोन्ही लाइन एकदम गेल्या.

लाइन दोन वेगळ्या कंपन्यांच्या होत्या. दोन बिलं, दोन कस्टमर केअर, दोन वेगळ्या रंगांचे डबे. केबल जोडायला आलेला मुलगा मात्र एकच निघाला, आणि तोच म्हणाला, "ताई, दोन्ही इकडनंच ओढल्यात. झाडावरनं सोपं पडतं." खाली जाऊन मान वर करून पाहिलं तर खरंच : दोन काळ्या तारा, एकाच फांदीला एकाच सुतळीनं बांधलेल्या, एकाच खिडकीतून आत. वर्षभर मी त्या झाडाखाली स्कूटर लावत होते.

घरी आईला हे सांगितलं. आई १९६१ साली आठ वर्षांची होती, नारायण पेठेत राहायची. पानशेतच्या पुराची तिची एक ठरलेली गोष्ट आहे, माळ्यावरच्या पितळी डब्यांची, ती बाजूला ठेवते. पण त्या दिवशी ती कांदा चिरता चिरता म्हणाली, "धरणं तरी कुठे एक होतं? खडकवासला होतंच की खाली. पानशेत फुटलं तसं तेही फुटलं." १२ जुलै. वरच्या धरणाचं पाणी खालच्यातच येणार, दुसरीकडे जाणार कुठे. नेटवर्कवाली मी, आणि मुद्दा आईनं पकडला.

त्या आठवड्यात मी एक कागद घेऊन ऑफिसात फिरले आणि दोन्ही राउटरमध्ये काय काय सामाईक आहे ते लिहून काढलं. झाड, खिडकी, भिंतीतून आत येणारा पाइप. रॅक. स्विच. यूपीएस. यूपीएसलाच लावलेला एक्स्टेंशन बोर्ड, ज्याच्यात दोन्ही ॲडाप्टर शेजारी शेजारी खोचलेले. यूपीएसची बॅटरी चार वर्षांची. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते तेव्हा तो किती वेळ टिकतो असं विचारलं तर ऑफिसातले दादा म्हणाले, "टिकतो कुठे? टूं करतो आणि जातो. आम्ही गुरुवारी चहाला जातो तेव्हा." मला कोणी सांगितलंच नव्हतं, कारण त्यांच्या दृष्टीनं लाइट गेली म्हणजे नेट जाणारच, त्यात तक्रार ती काय!

नवी बॅटरी आली. पहिला राउटर यूपीएसवर ठेवला, दुसरा ऑफिसच्या इन्व्हर्टरवर, वेगळ्या भिंतीतल्या वेगळ्या सॉकेटला. स्विचच्या बाबतीत मात्र हात आखडता घेतला. दोन स्विच घ्यायचे तर ते एकमेकांना नीट जोडायला हवेत. मधली केबल निघाली की दोन्ही राउटरना वाटतं समोरचा मेला, दोघेही मास्टर होतात, आणि ते निस्तरणं साध्या बंद नेटपेक्षा वाईट. सरांना खर्चाचा आकडा सांगितला. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "स्विच किती वेळा जातो?" खरं सांगितलं, इथला अजून एकदाही गेलेला नाही. मग बुधवार पेठेत तापकीर गल्लीत जाऊन तसाच एक स्विच आणला, सेटिंग करून ठेवला, आणि "हा फक्त मॅडमना विचारून उघडायचा" असं डब्यावर लिहून माळ्यावर टाकला. बदलायला दहा मिनिटं लागतील. या ऑफिसाला दहा मिनिटं परवडतात. हॉस्पिटलचं काम असतं तर मी भांडले असते.

दुसऱ्या लाइनची जागा सिमकार्डाच्या राउटरनं घेतली. तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेच्या खिडकीत रेंज चांगली येते, तिथे ठेवला. त्याला ना झाड, ना खांब, ना जेसीबी. डेटा मोजका, म्हणून दुसऱ्या राउटरवर कॅमेऱ्यांचं अपलोड आणि विंडोजचे अपडेट अडवून ठेवले.

एवढं झाल्यावर मी सरांकडे एक रविवार मागितला. म्हटलं, सगळं चालू ठेवा, दोन माणसं बसवा, साताऱ्यालाही एकाला बसवा, आणि मी एकेक वस्तू उपटते. सर म्हणाले, "मीच उपटतो." सकाळी दहाला आले, घरच्या कपड्यांत, पायात सँडल. मी लॅपटॉपवर पिंग लावून बसले.

पहिल्या राउटरचा ॲडाप्टर त्यांनी असा खेचला जणू माझंच बिल फाडतायत. स्क्रीनवर एक ओळ चुकली, दुसरी, तिसरी, चौथी, आणि पाचवीला उत्तर आलं. सरांनी घड्याळ पाहिलं. "बस? एवढंच?" मी म्हटलं, एवढंच, पण त्या क्षणी चालू असलेला व्हिडिओ कॉल तुटणार, अर्धवट गेलेली फाइल परत पाठवावी लागणार, कारण बाहेरच्या जगाला आता आपण वेगळ्या पत्त्यावरून दिसतो आणि जुनी जोडणी पहिल्या राउटरच्या डोक्यात होती, तो गेला तशी तीही गेली. ते त्यांना चाललं.

मग फायबर काढली. इथे अर्धा मिनिट गेला, स्क्रिप्टचे तीन फेरे. मग यूपीएस बंद केला. स्विचही गेला! स्विच यूपीएसवर होता आणि मी तो हिशेबात धरलाच नव्हता. इन्व्हर्टरवरचा दुसरा राउटर जागा होता, पण त्याच्याशी बोलायला कोणी उरलं नाही. सर काही बोलले नाहीत, फक्त खुर्ची ओढून बसले. स्विचला दोन ॲडाप्टरची सोय नव्हती, म्हणून तो इन्व्हर्टरकडे हलवला. यूपीएस आजवर बसायचा दर गुरुवारी, म्हणजे महिन्यातून चारदा. इन्व्हर्टर बसल्याचं इथे कोणाला आठवत नाही.

तेवढ्यात साताऱ्याचा फोन आला : "सर्व्हर दिसत नाही." पुण्यातलं नेट चालू, साताऱ्याचं चालू, तरी सर्व्हर दिसत नाही. हे मी विसरले होते. साताऱ्याची माणसं बाहेरून पहिल्या लाइनच्या पत्त्यावर यायची आणि पहिला राउटर त्यांना सर्व्हरकडे धाडायचा. व्हीआरआरपी गल्ला सांभाळतं, मागची वही एका राउटरमधून दुसऱ्यात उतरवून घेत नाही. ते आपण करायचं. पण इथे ते करूनही भागणार नव्हतं. सिमकार्डाला सहसा स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो, हजारो लोक एका पत्त्यामागे बसलेले असतात, त्यामुळे बाहेरून आत कोणी येऊच शकत नाही. मग उलटं केलं. साताऱ्याच्या लाइनला स्थिर पत्ता घेतला आणि पुण्याचे दोन्ही राउटर आतून वायरगार्डनं, म्हणजे इंटरनेटवरून खासगी बोगदा काढणाऱ्या सॉफ्टवेअरनं, साताऱ्याला जोडले. जो गल्ल्यावर असेल त्याच्या बोगद्यातून काम चालतं. याला आणखी एक रविवार गेला, आणि त्या रविवारी सर आले नाहीत. हा विश्वास होता की कंटाळा, ते विचारलं नाही.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी मी पहिली फायबर काढते आणि तासभर सगळं दुसऱ्यावर चालवते. ऑफिसला सांगत नाही. कोणाला कळलं नाही तर पास.

आमच्या घरी गॅसचे दोन सिलिंडर आहेत, सगळ्यांकडे असतात तसे. पहिला संपतो तो नेहमी पाहुणे असताना. आणि दुसरा भरलेला आहे हे आपण गृहीत धरलेलं असतं, कारण तो तिथे उभा दिसतो. आई दर पंधरा दिवसांनी तो जरासा उचलून बघते. मला ती सवय विचित्र वाटायची.

या शनिवारी फायबर काढली आणि नेट गेलं. दुसरा राउटर उठलाच नाही. त्याचं पिंग आधीपासूनच गप्प, तीन फेऱ्यांनी त्यानं व्हीआरआरपी केव्हाच सोडलं होतं. सगळं अगदी लिहून दिल्याप्रमाणे. फायबर परत लावून वर खिडकीपाशी गेले, सिम काढून माझ्या फोनमध्ये घातलं. रिचार्ज मंगळवारी संपला होता. वार्षिक प्लॅन, गेल्या वर्षी मीच मारलेला.

माझ्या कार्डावरून लगेच मारला, फोनमध्ये आठवण लावली, एक नाही तीन. सरांना अजून सांगितलेलं नाही. पुढच्या बिलात एक ओळ वाढेल तेव्हा विचारतीलच, शांत आवाजात.